कापसाच्या गंजीत ठेवलेल्या बिलांच्या पिशवीबाबत

नाव : सुधाकरराव माणिकराव भोयर. वय : ५१ वर्षे ४ महिने. धंदा : टाइल्स व मार्बल फिटिंगचे ठेके, स्वतःचे. शिक्षण : दहावी नापास, गणितात पास. राहणार : मौजे हिवरी, मंडल तामसी, जिल्हा आदिलाबाद, तेलंगणा.

दिनांक १२/१२/२०२५, शुक्रवार. जबाब सुरू केल्याची वेळ दुपारी १ वाजून १० मिनिटे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी बयनाबाई व मुलगी नीलिमा यांच्यासह राहतो. कापसाचे व्यापारी केशवराव यांनी "कापसात कागद भरून वजन वाढवले व मला फसवले" असा अर्ज माझ्याविरुद्ध दिल्याने आज सकाळी मला ठाण्यात बोलावण्यात आले. हेड कॉन्स्टेबल नागसेन हे मराठी शाळेत शिकलेले असल्याने माझा जबाब मराठीत लिहून घेत आहेत. त्याचा तेलुगू तर्जुमा ते नंतर करतील. तर्जुम्यात आकडे बदलू नयेत, अशी माझी विनंती आहे.

मी २२ वर्षांपासून स्वतःचे ठेके घेतो. सन २०१८ पासून आयकराचे रिटर्न मी स्वतः भरतो. कोणत्याही सीएकडे आजवर गेलेलो नाही. पुस्तक आणून व मोबाइलवर पाहून शिकलो. तामसीतील इतर ठेकेदार सीएला दोन-दोन हजार देतात. ते पैसे नाल्यात टाकण्यासारखे आहेत, हे मी त्यांना चारचौघांत बरेचदा सांगितले आहे. (हे वाक्य लिहायची गरज आहे का, असे हेड कॉन्स्टेबल यांनी विचारले. गरज आहे.)

माझ्या धंद्याची पद्धत अशी की, गिऱ्हाईक टाइल्सचे, सिमेंटचे व मजुरीचे सगळे पैसे माझ्या बँक खात्यावर टाकते. माल मी दुकानातून आणतो. माल गिऱ्हाइकाचा, मजुरी माझी. म्हणून रिटर्नमध्ये मी फक्त मजुरी दाखवतो आणि मालाचे प्रत्येक बिल जपून ठेवतो. ठेवलेले बिल मी आजवर हरवलेले नाही. दिनांक १८ नोव्हेंबर रोजी सन २०२३-२४ या वर्षाबाबत आयकराच्या पोर्टलवर मला नोटीस आली. तुमच्या खात्यावर त्या वर्षी २२,४०,००० रुपये जमा झाले, तुम्ही ९,१०,००० दाखवले, मधले १३,३०,००० कशाचे ते १९ डिसेंबरपर्यंत पुराव्यासह कळवा, असा तिचा मजकूर आहे. नोटीस बरोबर आहे. तिला उत्तर म्हणजे त्या वर्षाची ४१२ बिले. बिले दाखवली तर एक रुपया लागत नाही. न दाखवली तर ते सगळे माझे उत्पन्न धरले जाईल आणि कर, व्याज, दंड मिळून चार लाखांच्या वर जाईल. तेवढी रक्कम आमच्याकडे नाही. याविषयी एवढेच लिहावे.

नोटिशीची प्रत, सन २०१८ पासूनची सगळी बिले, सात वह्या व जुनी पासबुके मी एका कापडी पिशवीत घालून, तोंड सुतळीने बांधून, घराच्या मधल्या खोलीत कापसाची गंजी होती तिच्या मधोमध, जमिनीपासून दोन फूट उंचीवर ठेवली होती. कापसातच का, असे विचारता सांगतो की, २०२१ साली पेटीतील बिले ओलीने एकमेकांना चिकटली, २०२३ साली फळीवरची उंदरांनी कुरतडली. कापूस कोरडा असतो. उंदीर गंजीच्या कडेने फिरतो, मध्यभागी जात नाही, हे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. शिवाय आमच्याकडे कापूस भाव पाहत संक्रांतीपर्यंत घरातच राहतो, त्याला कोणी हात लावत नाही. कपाटात का ठेवली नाही, असे विचारता सांगतो की, कपाटाची चावी पत्नीकडे असते. पत्नीला नोटिशीबद्दल सांगितले होते का, असे विचारता सांगतो की, योग्य वेळी सांगणार होतो. योग्य वेळ १९ तारखेनंतर होती.

सोमवार, दिनांक ८ रोजी मी आदिलाबाद येथे दोन बाथरूमच्या कामावर होतो. संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी घरी आलो. मधली खोली रिकामी व झाडलेली दिसली. त्यावेळी पत्नीसोबत झालेले बोलणे जसेच्या तसे सांगतो.

मी म्हणालो, "कापूस कुठी गेला?"

ती म्हणाली, "इकला. केशवरावचा टेम्पो आला होता."

"काऊन इकला?"

"इकाचा होता म्हून इकला."

"त्याच्यात माझी पिशवी होती."

"कापसात पिशवी कोन ठेवते?"

मी केशवराव यांचा नंबर शोधला.

त्या रात्री केशवराव यांना मी १७ वेळा फोन केला. उचलला नाही. मंगळवारी सकाळी त्यांच्या गोदामावर गेलो. त्यांच्या मजुरांना ढीग लावताना पिशवी सापडली होती, परंतु सुतळी सुटून बरीच बिले कापसात पसरली होती व पाच बाया ती वेचत बसल्या होत्या. मी पिशवी मागितली. केशवराव म्हणाले, "आता ठाण्यातच देतो तुमाले." बुधवारी त्यांनी अर्ज दिला आणि पिशवी पुरावा म्हणून ठाण्यात आणून ठेवली.

आज केशवराव माझ्यासमोर हेड कॉन्स्टेबल यांना म्हणाले की, "साहेब, तीस साल झाले या धंद्यात. कापसात गोटे पाह्यले, पाणी मारेल पाह्यलं, सरकी पाह्यली. सिमेंटचं बिल पह्यल्यांदा पाहून राह्यलो."

पिशवी माझी आहे व ती मीच ठेवली, हे मी लगेच कबूल केले. वजन वाढवण्याचा हेतू नव्हता. वाढवायचेच असते तर चार लाखांचे कागद कोणी वापरत नाही. पिशवीचे वजन केशवराव यांच्या काट्यावर ११ किलो ४०० ग्रॅम भरले, ते मला मान्य आहे. मी ती आधी तोलली नव्हती, ही माझी चूक.

केशवराव यांनी क्विंटलला ६,९०० भावाने ७८६ रुपये ६० पैसे परत मागितले. हा हिशेब चुकीचा आहे. त्यांनी दर क्विंटलमागे दोन किलो वजन कटती म्हणून कापले आहे. म्हणजे पिशवीचेही त्यांनी ११ किलो १७२ ग्रॅमचेच पैसे दिले. ते होतात ७७० रुपये ८७ पैसे. जे दिले नाही ते परत मागता येत नाही. त्यावर पत्नी, जी माझ्यासोबत आलेली आहे, बाकावरून म्हणाली, "सात वर्साईत या मानसाच्या बिलाईनं पह्यल्यांदा घरात पैसा आणला, तोबी वापस चालला." हेड कॉन्स्टेबल यांनी लिहिणे थोडा वेळ थांबवले.

नंतर त्यांनी मला समजावले की, गुन्हा नोंदवला तर पिशवी जप्त होईल आणि जप्त वस्तू कोर्टाच्या हुकमानेच सुटते. किती दिवस लागतील, असे मी विचारले. ते म्हणाले, "काका, खिडकीतून पाहा. तीन वर्षांखाली जप्त केलेली सायकल हाय." मी पाहिले. सायकलीवर दोडक्याचा वेल चढलेला आहे, त्याला दोन दोडके आहेत.

मग हेड कॉन्स्टेबल यांनी केशवराव यांना कापूस घेतल्याचे बिल मागितले. केशवराव यांनी लग्नपत्रिकेचा फाटका तुकडा काढून दिला. त्याच्या मागे "बयनाबाई, १४-६०, ६९००", म्हणजे १४ क्विंटल ६० किलो व भाव, इतकेच लिहिलेले होते. तारीख नव्हती, सही नव्हती. केशवराव म्हणाले, "साहेब, गावात जाऊन घेतलेल्या कापसाचं बिल कोनी देते का?" मी म्हणालो, "तुमी फसवणुकीचा अर्ज दिला. कोर्ट पह्यले इचारन का खरेदी केव्हा केली, बिल कुठी हाय. अन् बाजार समितीची फी भरली का, हेबी इचारन." माझा हेतू फक्त माहिती देण्याचा होता. यानंतर केशवराव यांनी सर्वांसाठी चहा सांगितला आणि बाया लावून कागद वेचल्याची २,००० रुपये मजुरी ते सकाळपासून मागत होते, तो विषय पुन्हा काढला नाही.

केशवराव अर्ज मागे घ्यायला तयार झाले, परंतु ७८६ रुपये ६० पैशांवर अडून बसले. मी ७७० रुपये ८७ पैसे त्यांच्या फोनवर तेथेच पाठवले. राहिलेल्या १५ रुपये ७३ पैशांवर ४० मिनिटे चर्चा झाली. पिशवी टेबलावर होती. शेवटी पत्नीने कनवटीची वीस रुपयांची नोट काढून केशवराव यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "घ्या भाऊ. नाही तं हा मानूस इथंच रिटायर होते." ४ रुपये २७ पैसे केशवराव यांच्याकडून येणे आहे. माझ्या आग्रहावरून त्यांनी कोऱ्या कागदावर तारीख घालून, सही करून पावती दिली.

चौकशी पूर्ण करण्यासाठी हेड कॉन्स्टेबल यांनी पत्नीला विचारले की, सरकारी खरेदी केंद्रावर तुमचा नंबर लागला असताना क्विंटलमागे हजाराच्या वर नुकसान सोसून कापूस घाईने का विकला. ती म्हणाली, "नंबर बावीस तारखेचा होता. कागद उनीस तारखेचा हाय."

कोणता कागद, असे मी विचारले.

ती म्हणाली, "नीलीच्या मेलवर आला तो. त्याच दिवशी वाचून दाखवला तिनं मले. म्हटलं तुमी सांगसान. वाट पाह्यली वीस दिवस. तुमी तं टाइल्सच्या गोष्टी करून राह्यले. मंग म्हटलं, पैसा तं लागनच, कापूस तरी इकून ठेवू. कपाटात हायेत. अठ्ठ्याण्णव हजार सातशे पंचवीस. बाकीच्याचं पाहू म्हटलं."

पोर्टलवर मुलीचा ई-मेल मीच २०१८ साली टाकला होता, हे खरे आहे. माझ्या लक्षात राहिले नाही.

यावर तुम्ही काय बोललात, असे हेड कॉन्स्टेबल यांनी विचारले. शेतीच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, असे मी पत्नीला म्हणालो. मग मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो.

परत आल्यावर पिशवी हेड कॉन्स्टेबल यांच्यासमोर उघडली. मी बिले पाहून सांगत होतो, पत्नी मोजून दहा-दहाचे गठ्ठे करत होती. तिने यापूर्वी माझ्या बिलांना हात लावलेला नाही. ४१२ पैकी ४०९ मिळाली. तीन बिले, एकूण १८,२६० रुपयांची, मिळाली नाहीत. ती जिनिंगला गेलेल्या पहिल्या टेम्पोत असावीत व आता कापसाच्या एखाद्या गाठीत दाबली गेली असावीत, असे केशवराव यांचे म्हणणे आहे. दुकानातून नकला काढता येतात का, हे मला पाहावे लागेल. नोटिशीची प्रत मिळाली. तिची आता गरज नाही, घरात सर्वांनी वाचलेली आहे.

बिले मोजून होताच पत्नीने हेड कॉन्स्टेबल यांच्याकडून आदिलाबादच्या एका सीएचा नंबर घेऊन माझ्यासमोर फोन लावला. उद्या, शनिवारी, सकाळी ११ची वेळ दिली आहे. फी २,००० रुपये. मी हरकत घेतली नाही. पिशवी मी उचलणार असून चार लाखांचे बोलणे पत्नी करणार आहे, असे ठरले आहे.

केशवराव यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. इतर कोणाविरुद्धही नाही.

हा जबाब हेड कॉन्स्टेबल नागसेन यांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला. सर्व आकडे मी बोटावर पडताळले. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर व खरा आहे. पत्नीनेही तो बाकावर बसून पूर्ण ऐकला. तुम्हाला यात काही सांगायचे आहे का, असे तिला विचारता, जे सांगायचे ते घरी गेल्यावर सांगते, असे ती म्हणाली. ते येथे लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली. हेड कॉन्स्टेबल यांनी नकार दिला.

सही/-
सुधाकरराव माणिकराव भोयर
वेळ : दुपारी ३ वाजून ४५ मिनिटे

माझ्यासमक्ष,
सही/-
नागसेन, हेड कॉन्स्टेबल