भूमिकाच्या लग्नाच्या फोटोतील पाठमोरा इसम

शहर पोलीस ठाणे, नंदुरबार
दिनांक ११/०३/२०२५, वेळ सायं. ५.१५

जबाब देणार: सौ. हेमांगी ललित चौधरी, वय ३३ वर्षे, धंदा फोटोग्राफी, रा. शहादा, जि. नंदुरबार.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती व सासूबाईंसह राहते. शहादा बसस्थानकासमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी मी स्वतः घेते.

दि. ०२/०३/२०२५ रोजी कळसाडी येथील योगेंद्र पाटील यांची मुलगी भूमिका हिचे लग्न नंदुरबार शहरातील जुन्या दगडी धर्मशाळेत होते. ही इमारत शंभर वर्षांपेक्षा जुनी असून मध्ये फरसबंद चौक व वर चारही बाजूंनी लाकडी सज्जा आहे. भूमिकाने ती जागा हट्टाने निवडली होती. "ताई, सगळं वऱ्हाड एका फोटोत पाहिजे, वरून," असे तिने मला आधीच सांगितले होते.

त्याप्रमाणे सायंकाळी ५.४० वाजता मी सज्ज्यावर गेले. चौकात अंदाजे दीडशे माणसे उभी केली व वर बघा म्हणून मोठ्याने हाक दिली. सर्वांनी वर पाहिले. एक इसम तेवढा पाठमोरा राहिला. तो डाव्या खांद्यावर घागर घेऊन कोपऱ्यातल्या चाफ्याला पाणी घालायला चालला होता. मी तीन वेळा हाक दिली, तरी त्याने वळून पाहिले नाही. मला त्याचा राग आला होता. उजेड जात असल्याने मी तसाच फोटो घेतला.

पुढे योगेंद्रभाऊंना फोटो पाठवला असता त्यांचा फोन आला. "ताई, तो पाठमोरा माणूस काढी टाक ना. त्यानी सगळा फोटो बिघाडी टाका." मी हो म्हटले. हे काम आमच्याकडे नेहमीचे आहे.

आज सकाळी १०.३० चे सुमारास मी संगणकावर सदर इसमाला फोटोतून पुसत होते. घागर व उजवा पाय पुसून झाला होता. त्या वेळी तुळशीबाई दलसिंग पावरा, रा. आंबापाडा, ता. धडगाव व त्यांची मुलगी सीमा, वय १६, अशा दोघी पासपोर्ट फोटोसाठी आल्या. तुळशीबाई पावरीत बोलत होत्या व सीमा आश्रमशाळेत शिकलेली असल्याने मला मराठीत सांगत होती. फोटो कशासाठी हवा, असे मी विचारले, कारण त्यावरून मापे ठरतात. सीमा म्हणाली, "विधवा पेन्शनच्या फॉर्मला." पुढे म्हणाली, "आई चार वर्षं नाही म्हणत होती. या वर्षी आली."

मी तुळशीबाईंना स्टुलावर बसवले. कॅमेऱ्याकडे बघा, असे सांगितले. त्या माझ्या संगणकाकडे बघत राहिल्या. मग उठून जवळ आल्या व काही बोलल्या. सीमाही पडद्याकडे वाकून बघू लागली. मी विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, आई म्हणते, याची घागर कुठे गेली?"

मी पुसलेले परत आणले. फोटोत घागर दिसू लागली. सदर इसमाने ती खांद्यावर पंजाने न धरता हात वाकवून कोपराच्या खाचेत अडकवलेली आहे. तुळशीबाईंचे पती दलसिंग यांच्या डाव्या हाताला दोन बोटे नसल्याने ते घागर अशीच धरतात; त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही व बोलता येत नाही. सन २०२१ मध्ये ऊसतोडीहून परतताना सुरत स्टेशनच्या गर्दीत ते टोळीपासून तुटले. तशी बेपत्ता नोंद धडगाव येथे त्याच वेळी केलेली आहे. ही माहिती मला सीमाने दिली.

मी लग्नाचे बाकीचे फोटो उघडले. एकूण १८४६ होते. पंगतीच्या एका फोटोत सदर इसम पाणी वाढताना दिसला, चेहरा स्पष्ट होता. तुळशीबाईंनी पडद्यावर तळहात ठेवला. पडद्याला हात लावू नका, असा बोर्ड आमच्याकडे आहे. मी तो फोटो मोठा केला.

मी शटर ओढले व आम्ही तिघी दुपारी १२ च्या बसने नंदुरबारला निघालो. बसमधून मी भूमिकाला फोन केला. ती म्हणाली, "पप्पांना मी सांगते. त्यांना फोटोत राहू द्या, ताई. ते पण माझ्या लग्नातलेच ना."

धर्मशाळेत १.३० वाजता पोचलो. तेथील दगा नावाचे रखवालदार भेटले. फोटो बघून त्यांनी सांगितले, "तो दिवायीपासून आठेच शे. टेसनवर तापमा पडेल व्हता, मी लई उनू. घर कोठे शे इचारं का डोंगरकडे हात करस. आते डोंगरकडे तर अर्धा जिल्हा शे, ताई." त्यांनी त्याला स्टेशनवरून आणून जेवू घातले व राहायला खोली दिली आहे. त्यांच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही.

दलसिंग चौक झाडत होते, आमच्याकडे पाठ होती. तुळशीबाईंनी हाक दिली नाही. त्या लांबून वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातून झाडू पडला. मग दलसिंग यांनी छातीजवळ हात धरून एवढी, अशी खूण केली. तुळशीबाईंनी सीमाचे मनगट धरून तिला पुढे ओढले. दलसिंग यांनी तिच्याकडे पाहिले व तो हात हळूहळू वर नेत तिच्या डोक्यावर ठेवला.

दोन्ही फोटोंच्या मूळ फाइली मी पेनड्राइव्हमध्ये हजर केल्या आहेत. पुसलेली प्रत वेगळी असून मुळात काही बदल केलेला नाही. परवा होळी असून तोवर दलसिंग यांना घरी नेण्याचे कागद पूर्ण होतील का, असे तुळशीबाई विचारत आहेत. त्यांच्या सांगण्यावरून ते नमूद करते.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात आले असून ते खरे आहे. वाचत असताना सीमाने तो आईला पावरीत सांगितला व आईने तो दलसिंग यांना हातांनी सांगितला. त्यांनीही मान हलवून बरोबर असल्याचे सांगितले.

समक्ष सही
सौ. हेमांगी ललित चौधरी