सोमवारची सही

तात्या, काकू, गावकरी मंडळी आणि संघटनेतल्या माझ्या वैमानिक मित्रहो,

कामधाम टाकून तुम्ही सगळे आलात. माइकवर बोलायची मला रोजची सवय आहे. पण विमानात समोर लेक गमावलेल्या तात्यांचा चेहरा नसतो. आज चुकलो तर सांभाळून घ्या.

मी भिंगारचा. कॅप्टन सुनंदाताईंच्या शेजारी बसून विमान चालवायला शिकलो. पहिल्या दिवशी ‘ताई’ म्हणालो, तर म्हणाल्या, “ताई राहुरीत. हितं कॅप्टन म्हण.” आणि विमान उतरल्यावर स्वतःच डबा उघडून, “ये रे, शेंगदाण्याची चटणी हाय.”

आज मी इथं रडणारच होतो. पण मघाशी मंडपाच्या दारात कंपनीचे साहेब भेटले. ताईंच्या फोटोला हार घालून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “फार वाईट झालं. आता सोमवारी करारावर सह्या तेवढ्या उरकून टाकू.”

मंडळी, माझं रडू तिथंच आटलं.

कसला करार, ते गावाला सांगतो. आमच्या कंपनीची विमानं भाड्याची आहेत. मालक परदेशात. भाडं थकलं की ते विमान परत नेतात. यंदा कंपनीनं आणखी विमानं मागितली, तेव्हा त्यांनी अट घातली, आधी वैमानिकांवरचा खर्च कमी करा. म्हणून आमच्या करारात नवीन कलम आलं. भाड्याची ओढाताण झाली की आमचा पगार कापायचा, आणि कायद्यापेक्षा जास्त मिळणारी विश्रांतीही कापायची.

संघटनेच्या वतीनं बोलणी ताईच करायच्या. उगाच अडून बसणाऱ्या नव्हत्या त्या. पगारवाढ पुढं ढकलायला त्यांनी होकार दिला. आम्ही चिडलो, तर म्हणाल्या, “विमानंच गेली तर काय उडवणार, पतंग?” पण विश्रांतीला त्यांनी हात लावू दिला नाही. साहेब म्हणाले, आधी भाडं, बाकी सगळं मागून. तेव्हा ताईंनी त्यांना तात्यांची गोष्ट सांगितली.

माझ्या मित्रांना माहीत नसेल. तात्या इथं कालव्यावर पाटकरी होते, शेतांना पाणी वाटून द्यायचे. पाणी सुटलं की आधी टेलचं, म्हणजे अगदी शेवटचं शेत भिजवायचं. वरच्यानं आधी घेतलं तर खाली थेंब पोचत नाही. ताईंच्या मामाचं शेत वरच्या अंगाला. ते एकदा पाण्याची पाळी नसताना चारीचं, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या पाटाचं दार उघडायला आले. तात्या म्हणाले, “पाव्हणं, जेवून जावा. पर दार न्हाई उघडायचं.”

व्हय ना, तात्या? बघा, मान हलवतायत.

ही गोष्ट सांगून ताई साहेबांना म्हणाल्या, “भाडं द्या, आमची ना नाही. पण आमची झोप ही मागं बसलेल्या प्रवाशांची आहे. ते टेलला आहेत. त्यांचं आधी.”

शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी विचारलं, ताई, आता बोलणीला कोण बसणार? बोलताना धाप लागत होती त्यांना. तरी म्हणाल्या, “तू बस की. दार तेवढं सोडू नको.”

साहेब, तुम्ही मागं बसलाय, मला दिसताय. ताई गेल्या म्हणजे कलमाची वाट मोकळी झाली, असं वाटलं तुम्हाला? ताईंची खुर्ची रिकामी नाही. तिच्यावर मी बसतोय आणि मला भीती वाटतेय, तरीही बसतोय. मालकांकडं मुदत मागा, दर कमी करून मागा. पगाराचं आपण बोलू. विश्रांतीचं बोलणं संपलं. हार आणलात, आभारी आहे. पाव्हणं, जेवून जावा. पर सोमवारी सही न्हाई व्हायची.

कॅप्टन, माझा शेवटचा नमस्कार.

मंडळी, आता उभे राहू. दोन मिनिटं ताईंसाठी गप्प राहू. साहेब, तुम्हीही उभे राहा. आणि आमच्या गप्प राहण्याला होकार समजू नका.