चोवीस डिग्रीचं घर

…नाही, पण मला सांगा, माझं काय चुकलं? माणूस घरी येणार म्हटल्यावर घर नीट करायचं की नाही? तुम्ही नसतं केलं? आणि माणूस साधा नव्हे, कौन्सिलचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा! आमच्या माउंट रॉस्किलमधले गॅसचे हीटर काढून गल्लीगल्लीनं विजेवर घर ऊबदार ठेवणारे हीट पंप लावायचे, धूर नको, कार्बन नको, असा मोठा प्लान आलाय. उत्तम! पण कुणाचं घर आधी, हे ठरवायला एक बाई तापमानाचा मीटर घेऊन येणार होती, गुरुवारी साडेदहाला.

आता आमचं घर, तुम्हाला सांगतो, जुनं, लाकडी, आणि आईची खोली दक्षिणेला… इथे ऊन उत्तरेकडून येतं हो, घर घेताना कोण सांगतंय! जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, त्या खोलीत अकरा डिग्री. आई सत्त्याहत्तर वर्षांची, त्यात दमा. कानटोपी, दोन स्वेटर, वर गोधडी, तरी खोकतेच. साधा हीटर लावला तर तिचा जीव गुदमरतो. हीट पंप याच हिवाळ्यात लागायला हवा, मला दुसरं काही नकोच होतं!

म्हणून तर सगळा खटाटोप! बायकोनं, विनयानं, फार्मसीतून रजा काढली, भिंतीवरची बुरशी ब्लीचनं घासली. मी शेजारच्या समीरकडून दोन हीटर आणून सकाळी सहापासून लावले. आई म्हणाली, "एक दिवस गुदमरेन, काही मरत नाही." स्वेटर काढून इरकली नेसून बसली! श्रिया शाळेला जाताना म्हणते, "बाबा, इट्स लाइक फिजी इन हिअर!" मी म्हटलं, गप गं, माणूस घरी येणार म्हटल्यावर…

आणि कौन्सिलचं पत्र? चार पानी होतं. मी तारीख आणि वेळ वाचली. ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधला स्वल्पविराम पकडतो मी!

बाई आली. "किया ओरा! ओह, लव्हली अँड वॉर्म!" आम्ही खूश. तिनं साबुदाण्याचे तीन वडे खाल्ले, मग आईच्या खोलीत मीटर धरला. "ट्वेंटी फोर! स्वीट अ‍ॅज!" मी हसत विचारलं, म्हणजे आमचा नंबर पहिला ना? तर म्हणते, "ओह नो, जी घरं गार आणि ओली, ती पहिल्या फेरीत!"

घ्या! सगळं उलटंच! विनयाला खुणावतो, हीटर बंद कर, तर ती चहा आणायला पळाली. मी खिडकी उघडली, आईनं लावली, "पाहुणीला वारं लागेल!" मी ओरडलो, "मॅडम, एरवी अकरा असतं, खरंच अकरा!" बाईनं आईलाच विचारलं, "यू कोल्ड हिअर, इन विंटर?"

आईच्या घशाशी खोकला आलेला मला दिसत होता. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी. मी मनात म्हणतोय, खोक! आई, खोक गं! तर ही काय म्हणाली? "नो, नो! व्हेरी वॉर्म! माय सन, व्हेरी गुड सन!"

बाईनं लिहून घेतलं. फाटक वाजलं मात्र, आई दहा मिनिटं खोकत होती. मी चिडलो, अगं सांगायचं ना! तर पाठ चोळून घेत म्हणते, "परक्या बाईला सांगू, लेकाच्या घरी मी कुडकुडते म्हणून?" मी उठून दोन्ही हीटर बंद केले.

कौन्सिलला फोन केला, तर "रीडिंग सिस्टिममध्ये गेलं, सॉरी मेट, फेरतपासणी नाही." माणूस घरी येणार म्हटल्यावर घर गार करून ठेवायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंय का हो?

काल निकालाचं पत्र आलं. या वेळी चारही पानं वाचली, आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आमचं घर चौथ्या फेरीत. साल दोन हजार एकोणचाळीस.

आईनं बोटांवर मोजलं. "म्हणजे मी नव्वदीची. बरंय… सरकारनं तरी मी तेवढी जगेन असं धरलंय!"