दोघींचा डबा

—छे हो भाऊ, बसा, तुमचा मित्र इतक्यात नाही बाहेर येत. जावाचे ना तुम्ही? कळतं बोलण्यावरून. मग ऐका, त्याला घेऊन अंधार पडायच्या आत हॉटेलात शिरा — उद्या न्येपी, आमच्या बालीचा मौनाचा दिवस. विमानतळसुद्धा बंद! दिवा नाही, चूल नाही, दाराबाहेर पाऊल नाही. जो ज्या घरात, तो त्याच घरात. म्हणून तर मी सकाळपासून इथे ठाण मांडलंय! माझी सेकार येतेय, जहाजावर नोकरी करते, एकुलती लेक. थेट माझ्या घरी नेणार तिला. संध्याकाळी एकदा राक्षसांचे पुतळे मिरवणुकीत निघाले की रस्ते बंद — मग परवा सकाळपर्यंत ती माझी. फक्त माझी.

सासर? आहे ना. नवरा, सुता, जहाजावरच आहे अजून, पण सासू आहे — सुताची आई. लग्नात पोरीने आमच्या पितरांपुढे हात जोडून निरोप घेतला, रीतच आहे, त्यांची झाली — झाली तर झाली! पण फोन केला की आपलं सासूबाईंनी हे शिकवलं, सासूबाईंना ते आवडतं... माझ्या हातचं आता तिखट लागतं हो तिला! जळतं माझं. का नाही जळणार?

विहीणबाई का नाही आल्या म्हणता? ...आता तुमच्यापासून काय लपवायचं. मीच कळवलं त्यांना, विमान रद्द झालं, न्येपीनंतर येईल म्हणून. असं बघू नका. एक दिवस मागितला मी, भाऊ! वर्षभर ती बाई मिरवतेच की. हा बघा डबा — उद्या चूल नाही, म्हणून आजच रांधलं. फणसाची भाजी, भात. मिरची कमी घातलीय. दोघींपुरतं.

आली! ती बघा, निळी बॅग — सेकार! अगं इकडे, इकडे—

तिकडे कुठे चालली? त्या खांबापाशी कोण... चाफ्याची फुलं घेऊन... अगं बाई, सुताची आई. हिला कुणी सांगितलं? सेकारनेच. दुसरं कोण सांगणार? तिला फोन केला, मला नाही. गळ्यात कशी पडलीय बघा... आता दोघी हात करतायत मला. चला म्हणतायत, आमच्याकडेच चला.

मला नाही ऐकू येत काही. धरा हा डबा. जावाचे म्हणजे मुसलमान असाल तुम्ही, पण डुकराचं नाही यात काही, खुशाल खा, उद्या कुठे काही मिळायचं नाही तुम्हाला. धरा म्हणते ना! बघत काय बसलात? जा.