सासूबाईंची सही

इंग्रजीचा पेपर काढताना माणसाने फार डोकं चालवू नये. मी चालवलं. नाशिक रोडला मी स्पर्धा परीक्षांचा क्लास घेतो. तिथे तुलनेवर एक गाळलेली जागा टाकली. घरातले सगळे सुनेच्याच हातची भाजी मागतात, कारण ती सासूच्या तुलनेत कशी रांधते: 'बेटर दॅन', 'ॲज वेल ॲज' की 'वर्स दॅन'?

सगळ्यांनी 'बेटर दॅन' लिहिलं. वर्गात पहिली येणाऱ्या अश्विनीने तेवढं 'ॲज वेल ॲज'. मी लाल पेनाने ते खोडून वर 'बेटर दॅन' लिहिलं.

"वाक्य नीट वाचलं नाहीस का गं?"

"वाचलं सर. पण तुम्हाला पेपरवर घरच्यांची सही लागते. आमच्याकडे सही सासूबाई करतात."

"मग? व्याकरण आहे ते. समजून घेतील."

"बरं सर," अश्विनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दिंडोरीहून स्वतः आल्या. मागे अश्विनी. त्यांनी माझ्या टेबलावर दोन डबे उघडले.

"दोन्हींत शेवभाजी आहे सर. ही माझी, ती हिची. खा आणि पर्याय निवडा."

मी दोन्ही खाल्ल्या. दोघी बघत उभ्या होत्या. पाणी प्यायलो, पेपर मागून घेतला आणि अश्विनीचा कापलेला मार्क परत दिला.

सासूबाईंनी तिथेच सही केली.

निघताना अश्विनी हळूच म्हणाली, "आता वाक्य नीट वाचलंत सर."