अंगठ्याखालचा कौल

बोला — ज्यानं आपल्याला डोळे दिले, त्या पांडुरंगाचा जय!

वा! जोरात म्हणालात. आता मला सांगा, डोळ्यांना जे दिसतंय, ते देवाला विचारायचं का? चुलीवर दूध उतू चाललंय, आणि बाई देव्हाऱ्यापुढे हात जोडून विचारतेय — "देवा, दूध उतू जातंय का रे?" हसलात! हसून घ्या मंडळी. पुढं हसायला जागा नाही.

ऐका. तळकोकणातलं एक गाव. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून हयात आहेत. डोंगरउतारावर देवीचं देऊळ. पटांगण अपुरं पडायला लागलं, म्हणून गावानं उताराच्या बाजूला चिऱ्यांची उंच भिंत उभी केली, आत मातीचा भराव टाकला, वर चकचकीत फरशी. झालं पटांगण मोठं! पण भिंत बांधली कशी? घाईत! पाया कातळापर्यंत न्यायचा, तो नेला नाही. भिंतीमागे दगडगोटे भरून पाण्याला वाट ठेवायची, ती ठेवली नाही. का म्हणून ठेवतील? भिंत दिसते खालून. आणि खाली राहतं कोण? द्वारका नावाची एक बाई आणि अंथरुणाला खिळलेली तिची सासू! नवरा गोव्याला बोटीवर. फरशी मात्र सगळ्या गावाला दिसते. त्या फरशीवर देणगीदारांची नावं कोरली. अहो, देवाच्या दारात नाव! लोक बरोबर त्याच नावावर चपला काढतात, ते सोडा.

भिंतीला तडा गेला. हात आत जाईल एवढा! मधे पोट सुटलं. पाऊस लागला की त्या तड्यातून लाल पाणी द्वारकेच्या अंगणात यायचं. बैठक बसली. कोणीतरी म्हणालं, "फरशी काढूया, भराव उपसूया, भिंत उतरवून परत बांधूया." देवस्थानचे अध्यक्ष होते, त्यांना आपण तात्या म्हणू. तात्या ताडकन उठले — "फरशी फोडतालास? माझ्या बापाचा नाव हा तेच्यार!"

संपली बैठक! गवंडी आला, तडा सिमेंटनं बुजवला, वरून रंग दिला. लाल पाणी थांबलं. गाव खूश! अरे, पण पाणी बाहेर यायचं थांबलं, म्हणजे गेलं कुठं? मागे तुंबलं! भिंत बिचारी तोंडानं सांगत होती, तर यांनी तिचं तोंड दाबलं.

श्रावण आला. पटांगणात सप्ताह बसायचा होता, गावोगावची भजनी मंडळं यायची होती. आणि भिंतीचं पोट आणखी पुढं आलं. द्वारका घाबरली. म्हणाली, "म्हातारेक घेऊन भावाकडे जातंय." पण न्यायची कशी? म्हातारीला नुसतं कुशीवर वळवलं तरी ती कळवळायची. मग गावानं काय ठरवलं? इंजिनियर आणायचं? छे! देवीला कौल लावायचा — सप्ताह पटांगणात बसवावा का, खालच्या घरानं तिथंच राहावं का!

कौल ठाऊक आहे ना? देवीच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली, तर देवीचा होकार. डावी पडली, तर नकार. मी कौलाची चेष्टा करत नाही हं! श्रद्धेला हात लावायची माझी छाती नाही. पण पाकळी चिकटवणारा हात माणसाचा असतो, आणि आपल्याला जायचंय त्या हातापाशी.

तो हात लवू गुरवाचा. गरीब माणूस. बापजाद्यांपासून देवीची पूजा त्याच्या घरात. पाकळी अलगद टेकवायची, दाबायची नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं, आणि उभ्या जन्मात त्यानं ते मोडलं नव्हतं. रोज पूजेनंतर तो पटांगणाच्या कडेला उभा राही. फरशीला पडलेली भेग त्यानं पाहिली होती. कौल काय यायला हवा, हे त्याचं काळीज त्याला आधीच सांगत होतं.

त्या सकाळी तात्या गाभाऱ्याच्या दारात आले. आवाज खाली — "लवू, सप्ताह मोडलो तर गावाची अब्रू जातली. काय ता समजान घे."

लवूनं पाकळ्या पाण्यात भिजवल्या. मनात म्हणाला — भिंत काय आजच पडतेय? सप्ताह होऊन जाऊ दे, मग बघू. मंडळी, हे 'मग बघू' आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे! त्यानं उजवी पाकळी टेकवली अलगद. आणि डावी? डावी अंगठ्यानं घट्ट दाबली.

गाऱ्हाणं झालं. उजवी पडली! घंटा वाजली! गाव ओरडलं — उजवा दिला, देवीनं उजवा दिला!

गर्दी पांगली. द्वारका थांबली. पदर सावरून विचारते, "गुरवानू, माका खरा सांगा. मी जाव की रवाव?"

मंडळी, अजून वेळ गेली नव्हती हो! एक शब्द पुरे होता. आणि लवू खाली बघून म्हणाला, "देवीन उजवो दिल्यान. रव."

ती राहिली.

सप्ताहाचा शेवटचा दिवस. महाप्रसादाची पंगत. पाऊस कोसळतोय, मंडपाखाली माणूस मावेना. द्वारका सासूसाठी प्रसाद न्यायला डबा घेऊन वर आलेली. आणि भिंत गेली! आवाज कसला, जमीनच कण्हली! कडेची फरशी, भराव, चिरे, सगळं खाली. वरची माणसं देवळाकडे पळाली म्हणून वाचली. खालचं घर मात्र दिसेचना. तिथं नुसता लाल चिखल.

म्हातारीला काढली, तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. द्वारका रडली नाही. चिखलात बसून होती. लवू जवळ गेला, तशी ती हळूच म्हणाली, "गुरवानू, एकदा मिया मनात म्हटलंय, ही म्हातारी सुटात तर बरी. एकदाच. ता देवीन ऐकल्यान काय? म्हणान माका रव म्हटल्यान?"

अरे रे रे! काय ऐकलं तुम्ही? जिनं सासूचं हगणंमुतणं काढलं, ती बाई स्वतःला खुनी समजत होती! आणि देवीला मारेकरी! एका अंगठ्यापायी!

लवू गप्प राहिला असता तर गावात कोणाला काही कळलं नसतं. तात्या तोंडावर बोट ठेवून उभेच होते. पण लवूच्यानं ते ऐकवेना. सगळ्या गावादेखत तो चिखलात गुडघे टेकून म्हणाला, "बाय, देवीन नाय सांगल्यान. मिया सांगलंय. डावी पाकळी मिया दाबलंय."

द्वारकेनं त्याचा हात धरला. उलटा केला. बघत राहिली. "ह्योच अंगठो?"

"व्हय."

तिनं हात सोडून दिला. "मगे ह्याच हातान माती काढ. सगळी."

लवूनं पहार घेतली. उरलेल्या पटांगणावर पहिली फरशी फोडली ती तात्यांच्या वडिलांच्या नावाची. कोणी अडवलं नाही. तात्यांनीसुद्धा नाही. भराव उपसला, पाया कातळाला भिडवला, मागे गोटे रचले, भिंतीत पाण्याला भोकं ठेवली. मजबूत भिंत झाली हो! सुरुवातीलाच होण्यासारखी होती. ती बांधायला म्हातारी मरावी लागली! द्वारका आजही देवळात येते. देवीला डोकं टेकवते. लवूच्या हातचं तीर्थ मात्र घेत नाही. तो पळी पुढं करतो, ती निघून जाते. रोज.

संपलं आख्यान. टाळ खाली ठेवा. आरतीचं तबक जरा थांबू दे.

तुमच्या गावात शिरताना मी शाळेमागची भिंत पाहिली. पोट सुटलंय. तड्यावर सिमेंट आहे, नवंकोरं, अजून ओलं. पाहुणे यायचे म्हणून लावलंत ना? माना खाली घालू नका, माझ्याकडे बघा! उद्या तुमचीच पोरं त्या भिंतीखाली पाढे म्हणत बसणार आहेत. आणि तुम्ही मला आशीर्वाद मागताय?

शाळेची किल्ली कोणाकडे आहे? हात वर करा. हां, गुरुजी, तुमच्याकडे. या पुढे. ती इथं देवापुढे ठेवा. भिंत उतरवून नीट बांधून होईपर्यंत पोरं ह्या मंडपात शिकतील, ही किल्ली इथून हलणार नाही.

ठेवा गुरुजी. ठेवलीत की आरती.