दोन विमानतळांमधला थांबा

पुरवणी जबाब

मी, खाली सही करणार, वय २६ वर्षे, व्यवसाय नोकरी (रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत), राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, सोमवारच्या माझ्या जबाबात चूक आहे. बसचालकाने माझ्या आईला वाटेतच उतरवून दिले, असे मी त्यात म्हटले होते. ते मी पाहिलेले नाही, मला कोणी सांगितलेलेही नाही. शनिवारी आई नव्या विमानतळावर पोचली नाही, एवढेच मला माहीत होते. बाकीचे मी धरून चालले. त्या जबाबामुळे चालकाला कामावर घेत नाहीत असे कळले, म्हणून आज आपणहून आले.

वडील वारल्यापासून आई सहा महिने माझ्याकडे व सहा महिने मोठ्या भावाकडे राहते. आमच्याकडचे विमान जुन्या विमानतळावर उतरते, भावाकडे जाणारे नव्या विमानतळावरून सुटते. मधले अंतर चाळीस किलोमीटर. बसला सव्वा तास लागतो. आईला पाट्या वाचता येत नाहीत. घरात शिकलेली मीच पहिली, त्यामुळे तिकिटे मी काढते. वाटेत काही झाले तर वेळ हाताशी असावा म्हणून दोन विमानांमध्ये सात तास ठेवते. भाऊ हसतो. म्हणतो, "एवढ्या वेळात आई चालत पोचेल."

काल सायंकाळी अनोळखी नंबरवरून आईचा फोन आला. मी म्हटले, "आई, कुठे हरवलीस?"

"हरवले नाही गं. उतरले."

तिच्या सांगण्याप्रमाणे, मधल्या थांब्यासमोर एका बाईंचे शिवणकामाचे दुकान आहे. पहिल्या प्रवासात बस बंद पडली तेव्हा ती तिथे सावलीला बसली. पुढे दर खेपेला ती तिथे उतरायची, काजं-बटणं करून द्यायची आणि नंतरच्या बसने पुढे जायची. तीन वर्षे आम्हा भावंडांना याचा पत्ता नव्हता. या खेपेला नंतरची बस आली, पण आई उठली नाही. आता ती दुकानामागच्या खोलीत राहते.

मी विचारले, "दादाला काय सांगू?" ती म्हणाली, "त्याच्याकडे मी पाहुणी, तुझ्याकडेही पाहुणी. दोघंही म्हणता, आई, तू नुसती बस. किती बसू?" मागे कोणीतरी हसले. शिलाई यंत्र चालू होते. तुला कोणी अडवून ठेवले आहे का, असे मी दोनदा विचारले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "हो, एका झब्ब्यानं. उद्या द्यायचाय."

भाऊ आज सोबत आला असून बाहेर बाकावर बसला आहे. त्याचे म्हणणे, "मुलगा असताना आई परक्याच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील." त्याला दुकानाचा पत्ता हवा आहे. मी दिलेला नाही. त्याने शाळा सोडली, कामाला लागला, म्हणून मी शिकले. तरीही दिलेला नाही. पत्ता साहेबांना सांगितला आहे. आईला विचारल्याशिवाय तो भावाला कळवू नये, अशी विनंती आहे.

बसचालकाविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. त्यात "आईला आणण्यासाठी जाणार" असे आले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "भेटण्यासाठी" केले. बाकी मी सांगितले तसेच आहे. कधी जाणार, असे विचारल्यावरून सांगते की, येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला.